मावशींची भावकी

माणसाला धक्के बसतात ते एकतर नातेवाइकांकडून, नाहीतर साहेबाकडून, नाहीतर ओल्या हाताने बटण दाबल्यामुळे. मला मात्र आजवर जे काही अस्सल धक्के बसले ते सगळेच्या सगळे एका बाईंनी दिले, आणि त्या म्हणजे जांब्यातल्या आमच्या घरमालकीणबाई, आम्हा सगळ्यांच्या मावशी. डोक्यावरचा पदर न ढळू देता, दाढेखालची मिस्री न सांडू देता या बाईंनी इंटरनेटवरच्या लढाईच्या खेळात एक क्लॅन, म्हणजे खेळाडूंची टोळी, उभी केली. आणि ती अशी चालवली की हैदराबादपासून लुधियान्यापर्यंतचे, घरात सख्ख्या बापाला न जुमानणारे वांड पोरगे त्यांच्याशी बोलताना आवाज खाली करत. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्याकडे काळजीने बघतो. त्याचं काही चुकत नाही. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं पाहिलंय, तरी मला स्वतःला ते अजून पुरतं खरं वाटत नाही.

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. हिंजवडीच्या कंपन्यांत चिकटलेली आम्ही परभणी, लातूर, भंडाऱ्याकडची पोरं मावशींच्या खोल्यांमध्ये भाड्याने राहायचो. त्यांची बरीचशी जमीन आयटी पार्कच्या फेजमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या टप्प्यांत, गेली होती. उरलेल्या तुकड्यात त्या हट्टाने भात लावत आणि त्याला लागून ओळीने पत्र्याच्या खोल्या काढलेल्या होत्या. यजमान वारलेले, मुलगी सासरी. एका रविवारी टाकीत पाणी आल्याची वर्दी द्यायला मावशी आमच्या दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. आत आम्ही कॉम्प्युटरभोवती कोंडाळं करून ओरडत होतो, आणि पडद्यावर माझा योद्धा एका घोडेस्वाराला बदडत होता.

"ह्यो कोन रं?" त्यांनी घोडेस्वाराकडे बोट दाखवून विचारलं.

"शत्रू आहे, मावशी."

"आसं? काय केलं त्यानं?"

"केलं काही नाही. तो दुसऱ्या बाजूचा आहे."

"काय केलंच न्हाई तर मग मारतुयास कशापायी? तुजा बांध कोरलाय त्यानं का तुज्या इहिरीचं पानी पळीवलंय?"

आम्ही सगळे अभियंते. एकजण खेळाचं माहितीपत्रक चाळू लागला. मावशी उंबऱ्यावर बसल्या, मग आत सतरंजीवर सरकल्या, आणि वीज जाईपर्यंत हलल्या नाहीत. जाताना विचारलं, "ही टोळकी टोळकी करून हिंडत्यात, त्याला काय म्हन्त्यात?" मी म्हटलं, क्लॅन. एकाच म्होरक्याला मानणारी, एकमेकांसाठी धावून जाणारी माणसं. "म्हंजी भावकीच की," मावशी म्हणाल्या. "मंग मला बी एक काढून द्या." आम्हाला वाटलं, गंमत करताहेत. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर ओसरीवर नवा कोरा कॉम्प्युटर, नवं टेबल, आणि टेलिफोनवाल्याचा माणूस ब्रॉडबँडची तार ओढत चहा पीत बसलेला. हा पहिला धक्का.

दुसरा धक्का त्यांचं सोंग निवडताना बसला. खेळात शिरताना आपण कोण व्हायचं ते ठरवावं लागतं. मी त्यांना बायकांची सगळी रूपं दाखवली, म्हटलं कुठलं आवडतं बघा. मावशींनी एकेक पाहिलं आणि चेहरा आंबट केला. "ह्या पोरींच्या आंगावर कापडं का न्हाईत? ह्यांच्या आया कुटं हायेत?" असं म्हणत त्यांनी सगळ्या बाद केल्या आणि नखशिखांत चिलखत ल्यालेला, गलमिशांचा, हातात परशू घेतलेला एक धिप्पाड राक्षस पसंत केला. "हा बरा. आंगभर हाय." नाव ठेवलं 'मावशी'. पुढे कित्येकांची पाचावर धारण बसली ती यामुळेच. समोरून सात फुटी राक्षस परशू परजत येई आणि माइकवरून आवाज येई, "थांब रं मुडद्या, पळतुयास कुटं? नाव सांग आदी तुजं!"

क्लॅनचं नाव अर्थातच 'भावकी'. आता क्लॅनमध्ये माणूस घेताना जगभर काय बघतात? त्याची लेव्हल बघतात, शस्त्रं बघतात. मावशी विचारत, "गाव कुटलं? घरी कोन कोन हाय? लग्न झालंय का? आईला सांगून आलायस का?" ज्याला मराठी कळत नसे त्याला मी किंवा माझा खोलीसोबती, भंडाऱ्याचा, हिंदीत सांगायचो. बंगळूरचा एक पोरगा, देशात पहिल्या पाचांत गणला जाणारा, आपणहून आमच्यात यायला तयार झाला. आम्ही आनंदाने उड्या मारायच्या बेतात होतो. मुलाखत चालू असताना त्याच्या मागून एका बाईची हाक ऐकू आली. एकदा आली, दोनदा आली. तो तिच्यावर खेकसला आणि पुन्हा गोड आवाजात आमच्याशी बोलू लागला. मावशींनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "ताट वाढून बोलावतीया ती, आन त्यो वसकन आंगावर जातुया. नगं आपल्याला आसला." आम्ही हातापाया पडलो. मावशी ढिम्म. तो पोरगा शत्रूपक्षात गेला आणि पुढे वर्षभर त्याने आम्हाला भरपूर झोडपलं, त्याचं मावशींना काहीच वाटलं नाही.

बरं, भावकी चालवायची रीत म्हणाल तर ती त्यांनी सरळ भाताच्या खाचरातून उचललेली. त्यांच्याकडे लावणीला इर्जिक घालायची पद्धत. म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं, परवा त्याचं. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, ज्याचं शेत त्याने जेवण घालायचं. खेळात एरवी जो तो आपापला खजिना शोधत एकटा वणवण करतो. मावशींनी पाळी लावली. आज सगळी भावकी नागपूरच्या पोरासाठी राक्षस मारणार, उद्या कोचीच्या बाईंसाठी खाण खणणार. बघता बघता आमच्यातला काल आलेला नवखासुद्धा अंगावर चांगलं चिलखत घालून हिंडू लागला. नवख्याला लुटायचं नाही, पाठीमागून वार करायचा नाही, दिलेला शब्द फिरवायचा नाही आणि माइकवर शिवी द्यायची नाही. यातला शेवटचा नियम मावशींना स्वतःला लागू नव्हता. हैदराबादच्या दोन टोळ्यांचा एका खाणीवरून वाद पेटला, तेव्हा दोघांनी पंच म्हणून कुणाला बोलवावं? आमच्या मावशींना! त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि विहिरीच्या पाण्याची लावतात तशी एक दिवसाआड पाळी लावून दिली. दोन्ही म्होरके "थँक यू, मावशी" म्हणून निघून गेले. मी बघतच राहिलो. आमच्या कंपनीत दोन टीमचा वाद सहा महिने मिटला नव्हता.

या सगळ्यात भारनियमनाचा जाच निराळा. लढाई रविवारी दुपारी आणि वीज जायची तीही दुपारीच. मावशींनी इन्व्हर्टर घेतला, पण त्यावर फक्त कॉम्प्युटर. पंखा नाही, फ्रिज नाही. दूध नासलं तर नासलं. तरी एकदा ऐन लढाईत इन्व्हर्टरही बसला. मावशी तडक उठल्या, वायरमनच्या घरी गेल्या आणि जेवत्या माणसाला म्हणाल्या, "माजी पन्नास मान्सं तितं उघड्यावर पडल्याती आन तू भाकऱ्या मोडतुयास व्हय?" त्या गरिबाला वाटलं कुठेतरी मोठा अपघात झाला. तो हात न धुता खांबावर चढला.

आता मदुराईच्या वैदूबद्दल सांगायला हवं. चाळिशी उलटलेला, कुठल्याशा कचेरीत कारकून, लग्न न झालेला, घरी तो आणि त्याची म्हातारी आई. खेळात तो कधी कुणाला मारत नसे. जखमींना बरं करायचं काम त्याचं. म्हणून मावशींनी त्याला वैदू केलं. तमिळ आणि मोडकीतोडकी इंग्रजी, तीही दिवसाला चार वाक्यं, असा अबोल प्राणी. त्याची आई मात्र बोलकी. लढाईच्या मध्येच ती माइकपाशी येऊन तमिळमध्ये काहीतरी विचारी. मावशी परशू खाली ठेवून मराठीत उत्तर देत, "व्हय अम्मा, जेवले. तुमचं झालं का? गुडघं काय म्हन्त्यात?" मग तिकडून भलंमोठं तमिळ, इकडून भलीमोठी मराठी. दोन्ही बाजूंची फौज ताटकळत उभी. या दोघींना एकमेकींचं काय कळत होतं ते देव जाणे, पण बोलणं मध्येच तोडायची कुणाची छाती नव्हती.

खेळात एक किल्ला होता, देशातल्या सगळ्या क्लॅनांचा जीव त्यात अडकलेला. गणपती ते दिवाळी दर रविवारी त्यासाठी लढाई होई, आणि दिवाळीआधीच्या शेवटच्या रविवारी ज्याचा झेंडा वर असेल त्याला किल्ल्याला नाव द्यायचा मान मिळे. ते नाव खेळाच्या नकाशावर कायमचं. हे कळल्या दिवसापासून मावशींनी एकच ध्यास घेतला. किल्ल्याला 'जांबे' नाव द्यायचं. मला वाटलं, गावाचा अभिमान. एकदा चिंबोरीचं कालवण ढवळता ढवळता त्या म्हणाल्या, "बसमदी कंडक्टर इचारतो, कुटं? जांबं म्हनलं की म्हन्तो, ते कुटं आलं? मंग मीच म्हन्ते, हिंजवडीच्या म्होरं. लेक फोनवर म्हन्ती, आई, तुज्याकडं फेज तीनला येते. आरं, फेज काय? माजं गाव हाय ते! जल्माला आले हितं, नांदले हितं, आन आता गावाला नावच न्हाई ऱ्हायलं. कुटं तरी एका जागी जांबं लिवलेलं बघू दे मला." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या वर्षी भावकीने जिवाचं रान केलं. गणपतीनंतरच्या पहिल्याच रविवारी किल्ला घेतला आणि पुढचे सगळे रविवार राखला. फक्त शेवटचा उरला होता. समोर होती इंदूरची टोळी, तिचा म्होरक्या एक बडबड्या कापडवाला, आणि त्याच्यापाशी आमच्या निम्मीसुद्धा ताकद नव्हती. किल्ला आमच्या खिशातच होता म्हणा ना.

शुक्रवारी वैदूचा निरोप आला. दोनच ओळी. आई गेली. रविवारी मला येता येणार नाही, माफ करा.

मावशींनी मला तो पुन्हा वाचायला लावला. मग उठून आत गेल्या, डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या केसांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांना कळीव. भावकीला सुतक लागलं. दहा दिस हत्याराला हात लावायचा न्हाई."

मी खुर्चीतून पडायचाच बाकी राहिलो. "मावशी, परवा शेवटची लढाई आहे!"

"म्हाईत हाय."

"अहो, तुमचं जांबे जाईल!"

"म्हाईत हाय म्हन्ले ना."

मग जी वादावादी झाली तिला तोड नाही. देशभरातून माइकवर कालवा. खुद्द वैदूने लिहिलं, कृपा करून लढा, आईला आवडलं असतं. माझा भंडाऱ्याचा मित्र बौद्ध, तो म्हणाला, "मावशी, आमच्यात सुतक मानत नाहीत." त्या म्हणाल्या, "नगं मानू. पर कुनाची आई गेल्यावर चार दिस गप बसायला तुमच्यात काय हरकत हाय का?" तो म्हणाला, हरकत काही नाही. "मंग गप बस." मी मात्र चिडलोच. म्हणून गेलो, हा खेळ आहे हो, ही काही खरी भावकी नाही!

मावशी रागावतील असं वाटलं होतं. त्या खाली बसल्या. "खरी भावकी बगितली मी," त्या म्हणाल्या. "आमचं मालक गेलं तवा दीर शेजारच्याच घरात. बांधावरनं कोर्टात भांडान चाललेलं. मालकाला जाळून आल्याला तिसरा दिस. मी भिंतीच्या ह्या अंगाला बसलेली, आन त्या अंगानं मटनाचा वास आला. सख्ख्या भावाच्या घरनं. सुतकात. मी त्या वासात बसून ऱ्हायले रं, उटून जायाला बी जागा न्हवती." मग त्या म्हणाल्या, "वैदू एकला हाय तितं. त्याला आसा वास नगं यायला." मला रडू आलं आणि ते लपवायला मी उगाच कीबोर्ड झटकत बसलो.

रविवारी दुपारी वीज होती. नको तेव्हा ती नेमकी असायचीच. किल्ल्याच्या चौकात आमची पन्नास माणसं झेंडा उतरवून, चिलखतं काढून, शस्त्रं खाली ठेवून ओळीने बसली होती. त्यात आमचा राक्षसही बसला होता, परशूशिवाय. इंदूरची फौज शिड्या घेऊन आली, तर समोर दरवाजा सताड उघडा. त्यांना वाटलं, काहीतरी कपट आहे. आधी एक स्वार आत डोकावून गेला. मग दुसरा. मग कापडवाला स्वतः घोड्यावरून आत आला आणि ओरडला, "मौसी, ये क्या नाटक है?"

"नाटक न्हाई, बाबा," मावशी म्हणाल्या. "आमच्या वैदूची आई गेली. आमी सुतकात हाय. तू घे किल्ला."

सूतक हा शब्द इंदुरातही चालतो. तो बडबड्या माणूस घोड्यावरून उतरला. शिरस्त्राण काढलं. त्याच्या मागे त्याचे एकेक उतरले, आणि सगळे आमच्या समोर बसून राहिले. आयुष्यात इतका विचित्र देखावा मी पाहिलेला नाही. लढाईची वेळ संपत आली तेव्हा तो म्हणाला, झेंडा कुणाचाच नसेल तर किल्ला बाहेर टपलेल्या तिसऱ्याच टोळीला जाईल, तेव्हा मी लावतो, चालेल का? मावशी म्हणाल्या, "लाव की, तुजाच हाय." आणि जाता जाता त्याने विचारलं, "माताजी का नाम क्या था?" ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही तिला अम्माच म्हणत होतो.

दिवाळीत नवा नकाशा आला. मी तो उघडला तो इंदूरचं काहीतरी भपकेबाज नाव वाचायच्या तयारीनेच. किल्ल्यावर लिहिलं होतं, 'अलमेलूगड'. मावशींनी पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. "हे कुनाचं नाव?" मी सांगितलं, त्या कापडवाल्याने वैदूला विचारून घेतलंय, त्याच्या आईचं आहे. मावशी हसल्या, मग रडल्या, पदराने तोंड पुसलं, नाक शिंकरलं. "लई चांगलं केलं त्यानं," म्हणाल्या. "लई चांगलं केलं." आणि बऱ्याच वेळाने, उठता उठता, अगदी हळू म्हणाल्या, "पर जांबं ऱ्हायलंच की रं." राहिलं होतंच ना.

पुढे दोनेक वर्षांनी तो खेळच बंद पडला. गिऱ्हाईक आटलं, कंपनीने गाशा गुंडाळला, आणि किल्ला, नकाशा, अलमेलूगड सगळं एका दुपारी गडप झालं. आम्ही पोरंही पांगलो. कुणी लग्न करून वाकडला, कुणी परदेशी. मी मधूनमधून जांब्याला जायचो. मावशी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवत आणि भाताबद्दल बोलत. अशाच एका खेपेला दारात पाऊल टाकलं तर त्या माझी वाटच बघत असल्यासारख्या उभ्या. हातात कापडात शिवलेलं एक पार्सल, मदुराईहून आलेलं. आत अम्माची एक साडी होती, मऊ, वापरलेली. पण मावशींनी साडी बाजूला ठेवली होती आणि शिवण उसवलेलं ते वरचं कापड माझ्या पुढ्यात धरलं. त्यावर पत्ता होता. इंग्रजीत नाही, देवनागरीत. लहान मूल पाटीवर गिरवतं तशी थोराड, कलती अक्षरं, एकेक काना जपून दिलेला. त्या अबोल कारकुनाने कुठून आणि कशी ती शिकून घेतली असतील, कुणास ठाऊक.

"वाच," मावशी म्हणाल्या.

मावशींना वाचता येत होतं. तरी मी वाचलं, "मावशी, मुक्काम पोस्ट जांबे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे."

त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"परत वाच," त्या म्हणाल्या.